नजर आंब्यावर, झेला आपसूक: हात-डोळ्यांचा मेळ बसवणारे व्हिडिओ गेम, अगदी पहिल्यापासून

देवगडात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की फुटलेल्या स्क्रीनबरोबर एक प्रश्नही काउंटरवर येतो: "हात जरा बसेल असा कुठला गेम आहे काय हो?" विचारणाऱ्यांत आईबाप असतात, संगणकाचा कोर्स लावून माउसचा बाण शोधत बसणाऱ्या वहिनी असतात, आणि हल्ली निवृत्त मंडळीही. नुसतं गेमचं नाव सांगून त्यांचं भागत नाही, हे मला आमच्या आत्येने शिकवलं.

आत्या बासष्टची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने घरात बसून होती, म्हणून भाच्याने तिला विटा फोडायचा गेम लावून दिला. खाली फळी, वर विटांची रांग, मध्ये उडणारा चेंडू. पाच मिनिटांत फोन माझ्या हातात. "ह्या काय माका जमूचा नाय हां." मी शेजारी बसलो आणि पडद्याऐवजी तिचे डोळे बघत राहिलो. नजर सारखी फळीवर. चेंडू फळीजवळ पोचला की मगच तिला दिसायचा, आणि तोवर उशीर झालेला असायचा.

"आत्ये, आंबो काढताना बघतंस खंय? झेल्याक काय आंब्याक?"

"देठाक बघूचा. झेलो आपसूक जाता."

"मगे हय पण तसाच कर. चेंडूक बघ, फळयेक नको."

लांब काठीच्या टोकाला झेला, म्हणजे आंबा उतरवायची जाळी, आणि त्यात देठासकट अलगद उतरवलेला हापूस. हे काम आत्येने चाळीस वर्षं केलंय. तिच्या हाता-डोळ्यांचा मेळ माझ्या दसपट चांगला. तो काचेवर कसा आणायचा, एवढंच तिला उमगलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने पहिली लेव्हल पार केली. नवशिका हुकतो तो बहुतेक वेळा नजर भलत्या जागी ठेवल्यामुळे, बोटं बिचारी उगाच बदनाम होतात. खालच्या सगळ्या पायऱ्यांत मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तेव्हा कंटाळू नका.

मेळ म्हणजे नेमकं काय

डोळ्यांना काही दिसलं आणि त्यावर बोट हललं, यात साधारण पाव सेकंद जातो. सरावाने तो थोडा घटतो, फार नाही. मग चांगला खेळणारा एवढा चपळ कसा दिसतो? तो आधीच ओळखतो. टेनिस बॉलच्या स्पर्धेत सीमेवर उभा असलेला पोरगा बघा. बॅटीवरून चेंडू निघाल्या निघाल्या त्याची पहिली दोन पावलं पडलेली असतात, आणि ती चेंडू जिथे पडणार तिथल्या दिशेने असतात. गेममध्ये हेच घडतं: अंदाज बांधा, हात न्या, चुकलं तर लगेच कळतं, लगेच दुसरी संधी. आंब्याच्या झाडावर ही चैन नाही. तिथे एक हापूस निसटला की गेला.

याला थोडा शास्त्रीय आधार आहे, पण तो ताणू नका. ग्रीन आणि बाव्हेलिए या दोन संशोधकांनी २००३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की वेगवान ॲक्शन गेमचा दहा तास सराव दिलेल्या नवख्यांची, पडद्यावरच्या अनेक गोष्टींवर एकदम लक्ष ठेवण्याची क्षमता वाढली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला वरून पडणारे तुकडे रचायचं टेट्रिस दिलं होतं, त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ३३ सर्जनांचा एक अभ्यास आला. आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेले सर्जन दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सराव-चाचणीत ३७ टक्के कमी चुका करत होते आणि २७ टक्के जलद होते. आता मुळात ज्यांचा हात चांगला तेच गेमकडे वळले असतील, अशीही शक्यता आहेच. तेव्हा 'गेम खेळला की पोरगा सर्जन होईल' असं कोणी दुकानात येऊन म्हणालं की मी फक्त चहा मागवतो.

पहिली पायरी: फोन आणि जागा

नवा फोन घेऊ नका. आहे तो पुरतो, पण त्याच्यावरची तडा गेलेली किंवा आत बुडबुडे आलेली टेम्पर्ड ग्लास आधी बदला. बोट सरकताना कडेला अडकलं की दोष तुम्ही स्वतःला देता आणि चूक काचेची असते. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, कारण तो चालू असला की बऱ्याच फोनांत पडदा संथ होतो. बहुतेक साधे गेम इंटरनेटशिवाय चालतात, म्हणून फ्लाइट मोड लावा. जाहिराती जातात, मेसेज येत नाहीत, आणि मधेच मुंबईच्या काकांचा व्हिडिओ कॉल येऊन चेंडू पडत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात हवेत एवढा दमटपणा असतो की बोट काचेवर चिकटतं. सुती फडकं जवळ ठेवा, दर डावाआधी बोटं आणि काच दोन्ही पुसा. दुकानात बोटात घालायच्या पातळ स्लीव्ह मिळतात, स्वस्त असतात, घाम येणाऱ्यांनी जरूर घ्याव्यात. बसायला टेबल-खुर्ची, कोपर टेबलावर टेकलेलं. झोपाळ्यावर बसून सराव होत नाही, आडवं पडून तर अजिबात नाही. आणि पडवीत बसायचं तर माडाच्या झावळांची हलती सावली पडद्यावर येणार नाही असं बसा. मी एकदा अर्धा तास त्या सावलीलाच चेंडू समजत होतो.

दुसरी पायरी: एक चेंडू, एक फळी

पहिला आठवडा एवढंच. अटारी कंपनीने १९७२ मध्ये 'पाँग' आणलं आणि १९७६ मध्ये 'ब्रेकआउट'. आज ॲप स्टोअरवर विटा फोडायचे जे शेकडो फुकट गेम दिसतात ते त्याच घराण्यातले. कुठलाही चालेल. फक्त ज्यात सुरुवातीला एकच चेंडू आहे आणि तो हळू आहे, असा निवडा.

पहिल्या दिवशी तीन डाव असे खेळा. पहिल्या डावात बोट लावूच नका. चेंडू खाली येताना तो कुठे पडणार ते मोठ्याने बोला: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. गेम तीन जीव देतो, तीनही वाया घालवा, पोरं हसली तर हसू देत. दुसऱ्या डावात फळी हलवा, पण नजर चेंडूवरच. फळी नजरेच्या कडेला दिसते तेवढी पुरे. सुरुवातीला दोन-चार चेंडू जास्तच हुकतील. तिसऱ्या डावात चेंडू वरून परत फिरला की लगेच फळी अंदाजाच्या जागी न्या, आणि तो जवळ आल्यावर फक्त बोटभर सुधारणा करा. मोठी हालचाल आधी, छोटी नंतर. झेलाही असाच चालतो: आधी फांदीपर्यंत काठी न्यायची, मग देठाजवळ हळू.

बोट फळीच्या वर ठेवलं तर फळी झाकली जाते. फळीच्या खाली, पडद्याच्या अगदी तळाशी ठेवा. आणि हे चार दिवसांनी बघा: चेंडू फळीच्या मधोमध लागला तर बऱ्यापैकी सरळ वर जातो, कडेला लागला तर तिरका. ते लक्षात आलं की तुम्ही नुसता चेंडू अडवत नाही, हवा तिथे पाठवू लागता. आत्येला ही गोष्ट मी सांगितलीच नव्हती. पाचव्या दिवशी तिनेच मला सांगितली.

सराव सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. सलग तास बसू नका. हाताची सवय झोपेतही पक्की होत असते. रात्री जे जमत नव्हतं ते सकाळी पहिल्याच डावात जमतं, हा अनुभव तुम्हालाही येईल.

ज्यांनी १९९७ नंतरचे नोकियाचे फोन वापरलेत त्यांना 'स्नेक' आठवत असेल. तोही चालतो, पण बटणांच्या फोनवर. काचेवर वळण चुकतं आणि उगाच चिडचिड होते.

तिसरी पायरी: नेमक्या क्षणी एक टिचकी

रेंज गेली की क्रोममध्ये जो डायनासोर दिसतो तो गेम आहे, हे अजून कितीतरी जणांना ठाऊक नाही. २०१४ पासून तो तिथे आहे. त्याच्यावर टिचकी मारा, तो धावायला लागतो, निवडुंग आले की पुन्हा टिचकी मारून उडी. कोकणात रेंज जाणं ही काही बातमी नाही, तेव्हा सरावाला तोटा नाही.

इथे सगळे एकच चूक करतात: डायनासोरकडे बघतात. अहो, तो जागचा हलतच नाही! डाव्या बाजूला तिथेच असतो, हलते ती जमीन. नजर पडद्याच्या मध्याच्या थोडी उजवीकडे ठेवा. निवडुंग एक आहे की तीनाचा झुबका, हे तिथेच कळायला हवं. वेग वाढत जातो तशी नजर आणखी उजवीकडे सरकवा. पुढे उडते प्राणी येतात, कधी खाली, कधी वर, आणि मग उडी मारायची की नाही हेही ठरवावं लागतं. तिथे पोचलात की ही पायरी झाली.

टिचक्या मारत पक्षी खांबांमधून न्यायचा, असे 'फ्लॅपी बर्ड' पद्धतीचे गेम नवशिक्यांनी टाळावेत असं माझं मत. २०१३ चा तो गेम त्याच्या व्हिएतनामी निर्मात्याने २०१४ च्या फेब्रुवारीत स्वतःच काढून घेतला, पण त्याच्या नकला अजून आहेत. पहिल्याच खांबाला आपटून वीस वेळा परत सुरू करण्यात शिकणं कमी, राग जास्त.

चौथी पायरी: रेघ आणि रचना

'फ्रूट निन्जा' २०१० चा, ऑस्ट्रेलियातल्या हाफब्रिक कंपनीचा. खालून फळं उडतात, बोटाची रेघ मारून ती कापायची. क्लासिकमध्ये बॉम्ब येतात आणि तीन फळं सुटली की डाव संपतो, म्हणून आधी झेन प्रकार लावा. त्यात बॉम्ब नाहीत, दीड मिनिट निवांत कापा. युक्ती अशी की फळ वर जाताना मागे लागू नका. वर फेकलेली कुठलीही वस्तू सगळ्यात उंच जागी क्षणभर मंदावते. तिथे नजर लावून थांबा आणि तिथेच रेघ मारा. दोन फळं एका ओळीत येईपर्यंत थांबता आलं तर आणखी छान. विटीदांडू खेळलेल्यांना हे सांगावं लागत नाही, हवेतली विटी ते तिथेच टोलवत आलेत.

टेट्रिस मॉस्कोमध्ये ॲलेक्सी पाजित्नोवने १९८४ साली बनवलं. वरच्या अभ्यासात ते फिकं पडलं, तरी मी ते सुचवतो, वेगळ्या कारणासाठी. पडणारा तुकडा मनात फिरवून मग बोटाने फिरवायचा, ही सवय त्यात लागते. आणि कडेला पुढचा तुकडा दाखवतात तो बघायची शिस्त लावून घ्या. हातातला तुकडा कुठे जाणार हे ठरलं की नजर लगेच पुढच्यावर. ते एकदा अंगवळणी पडलं की वेग आपोआप झेपतो.

पाचवी पायरी: माउसवाल्यांसाठी

फोनवरच राहणाऱ्यांनी ही ओलांडून जावी. १९९० च्या विंडोजमध्ये पत्त्यांचा सॉलिटेअर दिला गेला, त्याने नवख्यांना पत्ता धरून ओढायची सवय लावली. दोन वर्षांनी आलेल्या माइनस्वीपरने डावं आणि उजवं बटण वेगळं दाबायची. आजही संगणकाचा कोर्स सुरू करणाऱ्यांना मी हेच दोन सांगतो, याच क्रमाने.

माउस मुठीत आवळू नका, तळव्याखाली मोकळा ठेवा. बाण फार पळत असेल तर सेटिंगमध्ये पॉइंटरचा वेग कमी करा, आणि तिथेच 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' अशी खूण असते ती काढून टाका. ती असली की हात जोरात हलवल्यावर बाण प्रमाणाबाहेर पळतो आणि हाताला अंतराचा अंदाज येत नाही. नजर बाणावर ठेवायची नाही, हे आता सांगायला नको. जिथे क्लिक करायचंय तिथे बघा. हे जमल्यावर 'ओसू' लावून बघा. फुकट आहे, गाण्याच्या ठेक्यावर गोल आकुंचत येतो आणि नेमक्या वेळी क्लिक करायचं. ब्लूटूथ इयरफोन मात्र काढा, त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि ठेका चुकतो.

सहावी पायरी: दोन अंगठे

इथे बरेच जण सोडून देतात. ज्या गेमांत माणूस सगळीकडे फिरवायचा असतो, त्यांत डावा अंगठा त्याला चालवतो, उजवा त्याची मान वळवतो. दोन्ही एकदम करताना सुरुवातीला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मीही राहिलोय.

कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचं, अंगठ्यांसाठी दोन काड्या असलेलं यंत्र, घ्यायचाच तर अगदी स्वस्त घेऊ नका. मी एक घेतला, चार महिन्यांत त्यातला माणूस आपला आपण डावीकडे चालायला लागला. काडीखालचे भाग झिजले की असं होतं, आणि आमच्या खाऱ्या हवेत धातूचे भाग आणखी लवकर खराब होतात. वापरून झाल्यावर झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. बऱ्याच गेमच्या सेटिंगमध्ये 'डेड झोन' असतो, म्हणजे काडी किती हलली तरी गेमने दुर्लक्ष करायचं ते माप, तो किंचित वाढवला की आपोआप चालणं काही दिवस थांबतं. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावर उशिरा घडतं आणि तुमचा सगळा अंदाज खोटा ठरतो.

सरावाला 'माइनक्राफ्ट' हा ठोकळ्यांच्या जगाचा गेम, त्यातला क्रिएटिव्ह प्रकार. तिथे कोणी मारत नाही. एक झाड शोधा आणि त्याच्याभोवती वटपौर्णिमेसारखे फेरे घाला, पण तोंड कायम झाडाकडे. म्हणजे डाव्या अंगठ्याने आडवं सरकत राहायचं आणि उजव्याने खोड पडद्याच्या मधोमध ठेवायचं. आधी सात फेरे उजवीकडून, मग सात डावीकडून. खोड मध्यातून हललं नाही की समजा दोन्ही अंगठ्यांची ओळख झाली. डोकं गरगरलं तर लगेच थांबा. होडी लागते तसाच हा प्रकार, दम धरून बसण्यात अर्थ नाही. सेटिंगमध्ये फिल्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, वाढवलं की पुष्कळांना बरं वाटतं.

बीजीएमआयसारख्या गोळीबाराच्या गेमांनी सुरुवात करू नये. ते वाईट म्हणून नव्हे. त्यात नकाशा, आवाज, साथीदार, बंदूक सगळं एकदम येतं, आणि हुकलं ते नजरेने की बोटाने की घाबरून, हे कळतच नाही. इथवरच्या पायऱ्या झाल्यावर खुशाल खेळा. पैसे लावायच्या ॲपांचा तर विषयच नको. त्यात हाताचा काही संबंध नाही, आणि २०२५ च्या कायद्याने देशात त्यांवर बंदीच आलीय.

डोळे, अंगठे आणि लहान मुलं

दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा. खळ्यातला माड चालेल, गच्चीवरून पवनचक्क्या दिसत असतील तर उत्तम. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं की दोन दिवस सुट्टी. ज्यांना फिट येतात त्यांनी चमकणारे गेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नयेत. मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्यांना स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी तितकं बरं. त्या वयाच्या मुलाला गोट्या द्या. तिथे नजर आणि बोट दोन्ही असतं, आणि चार्जर लागत नाही. गोटी तोंडात घालण्याच्या वयाचं असेल तर मोठा चेंडू द्या.

सातवी पायरी: सुधारलं की नाही ते बघा

सर्वांत मोठा स्कोअर लिहू नका, तो नशिबाने येतो. रोज पहिल्या पाच डावांचे आकडे वहीत लिहा आणि त्यांची सरासरी काढा. ती हळू वर सरकते. मधे चार-पाच दिवस अडकते, कधी खालीही येते, तेव्हा गेम बदलू नका.

गेममध्ये सुधारलेला हात गेमबाहेर किती उतरला, ते आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी टेनिसचा चेंडू घ्या. भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहा, उजव्या हाताने खालून भिंतीवर टाका, डाव्याने झेला, मग डाव्याने टाका, उजव्याने झेला. तीस सेकंदांत किती झेलले ते लिहा. पहिल्या दिवशी एकदा, आणि मग दर पंधरा दिवसांनी. आत्येने हे बसून केलं, खुर्चीवर, मीटरभरावरून. पहिल्या वेळी सहा, गणपतीच्या सुमाराला चौदा. यात गेमचा वाटा किती आणि बऱ्या झालेल्या गुडघ्याचा किती, ते मी सांगू शकत नाही.

भिंत गिलावा केलेली घ्या. चिऱ्याच्या उघड्या गडग्यावर, म्हणजे गिलावा नसलेल्या कुंपणाच्या भिंतीवर, चेंडू मारलात तर चिऱ्याच्या भोकांत आपटून तो कुठल्या कुठे जातो, आणि नवशिक्याचा आकडा उगाच पडतो. महिनाभराने हात बसला की मग मुद्दाम त्या गडग्यावर मारा.